कॅच, कॉट, कॉट

आठवणी लिहायला बसायचं तर तोंडात कवळी पाहिजे, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. माझे दात सगळे शाबूत आहेत, एक अक्कलदाढ तर अजून यायची बाकी आहे. एकतिसावं चालू आहे. पण माझा राग म्हातारपणापर्यंत टिकेल याची काय गॅरंटी? मी बघितलंय लोकांना. साठी उलटली की ते धडाधड सगळ्यांना माफ करत सुटतात, आणि मग त्यांच्या पुस्तकात पानोपानी 'ते दिवसच वेगळे होते' येतं. वेगळे-बिगळे काही नव्हते ते दिवस. मी अकरावीत होतो, आईची नोकरी जायला आली होती, आणि मला अजूनही त्या दिवसांचं नाव काढलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. म्हणून आत्ताच लिहून घेतो. नंतर माझ्यावर भरोसा नाही.

आमचं घर उज्जैनला, फ्रीगंजच्या मागच्या अंगाला, एका डॉक्टरच्या दवाखान्याच्या वर. दोन खोल्या आणि एक गॅलरी. खालून दिवसभर पेशंट खोकायचे आणि समोरून ऑटोवाले ओरडायचे, "महाकाल, महाकाल, बस दो सवारी, दो सवारी!" ऑटोत अकरा माणसं बसलेली असली तरी यांना दोन सवारी कमीच. मी शाळेत काय शिकलो ते विचारू नका, पण त्या गॅलरीत उभा राहून मी खूप शिकलो. कोरडा खोकला, ओला खोकला, उपाशीपोटीचा खोकला, बायकोला ऐकू जावा म्हणून काढलेला खोकला, सगळे मला यायचे. कंपाउंडर नंबर पुकारायचा तोही यायचा. एकदा मी वरून हुबेहूब त्याच्या आवाजात "बाईस नंबर!" म्हटलं आणि बाईस नंबर आत घुसला, तेव्हा आत सतरा नंबरचा शर्ट काढलेला होता. डॉक्टर स्वतः जिना चढून आले. बाबांनी मला त्यांच्यासमोर झापलं आणि ते खाली गेल्यावर म्हणाले, "परत कर रे एकदा."

बाबा बँकेत होते. आई आमच्याच शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवायची, सोळा वर्षं, हिंदीतून. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दाराच्या उंबऱ्यावर जे काय तोंडाला येईल ते. पुण्याची मावशी आली की आमच्या मराठीवर हसायची. मी "जेवण खाऊन आलो" म्हटलं की तिच्या डोळ्यातून पाणी. "अरे, जेवण खात नाहीत, जेवतात!" आईच्या पोह्यांवरही हसायची. आमच्याकडे पोहे वाफेवर करतात, त्यात बडीशेप, वरून शेव आणि बाजूला जलेबी. "पोह्यात बडीशेप?" म्हणत मावशी तीन वेळा घ्यायची. आई तिला काही बोलायची नाही. आईला एक खोड होती, जो कोणी जरा ठसक्यात बोलेल तो बरोबर असणार असं ती आधीच धरून चालायची. सातवीच्या पोरांसमोर वाघीण, आणि मावशीसमोर "हो गं, आमचं जरा हिंदीच होतं."

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बुधवारी दुपारी आमच्या भागातल्या मराठी बायका एकत्र बसून स्तोत्रं म्हणायच्या. शिकवायच्या आक्का म्हणून एक म्हाताऱ्या बाई. पुस्तक नाही, कागद नाही, सगळं कानाने. आक्का म्हणतील तसं म्हणायचं, चढ तिथं चढ, उतार तिथं उतार. आक्कांना दम्याचा त्रास होता, त्या चौथ्या ओळीनंतर बारीकसं खोकायच्या. आक्का जाऊन किती वर्षं झाली, पण त्या बायका आजही चौथ्या ओळीनंतर खोकतात. सगळ्या. एका सुरात. मी लहानपणी हे बघून गडबडा लोळलो होतो, तर आईने मला दंडाला धरून बाहेर काढलं. "गुरूकडून घ्यायचं तर सगळं घ्यायचं," म्हणाली, "आपण कोण निवडणारे?" तिच्यासाठी तो खोकला नव्हता, तो पाठच होता.

तर, शाळा. ज्यांनी ती काढली ते मोठे सर वारले आणि त्यांची सून इंदूरहून डायरेक्टर होऊन आली. आई अजूनही 'त्या' म्हणते, मी 'ती' म्हणतो, तुम्ही काय म्हणायचं ते प्रकरण संपल्यावर ठरवा. आल्या-आल्या शाळेचं नाव इंग्रजी झालं. मग टाय आला. मग ऑफिसच्या दारावर पाटी, आत फक्त इंग्रजीत बोला. मोठे सर वारले त्याच्या शोकसभेतही ती इंग्रजीत बोलली, आणि शिपाई बनवारी काका, जे सरांबरोबर तीस वर्षं होते, शेवटपर्यंत बाजूवाल्याला विचारत राहिले, "अच्छा बोल रही हैं कि बुरा?"

तिचं बोलणं म्हणजे माझ्यासाठी खजिनाच होता. प्रत्येक वाक्याआधी "सो, चिल्ड्रन". समोर मास्तर बसलेले असले तरी "सो, चिल्ड्रन". मग नाकातून एक "ह्म्म". मग डोळ्यावरचा गॉगल बोटाने ढकलून डोक्यावर. आणि वाक्याच्या शेवटी "राइट?" असं वर चढवून, जसं काही पतंगाला ढील देतेय. कोणी मध्ये बोललं की दोन्ही तळवे हवेत, "वी आर नॉट इन अ मंडी!" मी आठ दिवसांत तिला पूर्ण उचलली. मधल्या सुट्टीत अकरावीची पोरं सायकल स्टँडच्या मागे जमायची आणि मी डोक्यावर कंपास पेटी ठेवून डायरेक्टर व्हायचो.

आता गंमत अशी, की मला स्वतःला इंग्रजी यायचंच नाही. खरंच सांगतो. माझ्या स्वतःच्या आवाजात "माय नेम इज" म्हटलं तरी घशात काटा अडकल्यासारखं व्हायचं. पण मॅडमच्या आवाजात? नळ सोडल्यासारखं. चुका कमी, अडखळणं बंद. जसं काही इंग्रजी तिच्या नाकातच ठेवलेलं होतं आणि तिथूनच काढावं लागत होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने मीटिंग घेतली. सगळ्या शिक्षकांना इंग्रजीतून वीस मिनिटांचा डेमो द्यायचा. जे पास होणार नाहीत त्यांचा महिन्याचा शेवटचा दिवस तोच शाळेतला शेवटचा दिवस. विषय? विषय बिस्किटांच्या बरणीत चिठ्ठ्या टाकून. हे अजून आठवलं की माझी खोपडी सरकते. पीटीच्या सरांना फोटोसिंथेसिस. संस्कृतच्या गुरुजींना ट्रॅफिक सिग्नल. आणि माझ्या आईला, जी सोळा वर्षं पोरांना त्रैराशिक शिकवत आली, तिला आलं 'पास्ट टेन्स ऑफ कॅच : मीनिंग अँड यूसेज'.

ती घरी आली, चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाने लावली आणि मटार सोलायला बसली. बाबांनी वाचली. "अगं, सोड," म्हणाले. "माझी नोकरी आहे ना. फालतूमध्ये दिमाग का दही कशाला?"

"तुमची आहे ती तुमच्यापाशी ठेवा," आई म्हणाली. "माझ्या सातवी 'ब'ला अजून अपूर्णांक येत नाहीत. मध्येच टाकून येऊ? त्यातल्या निम्म्या पोरांना घरी विचारणारं कोणी नाही."

मी म्हटलं, "आई, मी शिकवतो ना."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. सहामाहीला इंग्रजीत मला छत्तीस होते.

पण बसलो आम्ही. रोज शाळेतून आल्यावर, चहा घेऊन, गॅलरीत. कुठून तरी एक गाइड आणलं. त्यात 'कॉट'ची वाक्यं होती. मी वाचायचो, आई त्यांचं मराठी करायची. मी बॉल झेलला. पोलिसांनी चोर पकडला. मला बस मिळाली. मला सर्दी झाली. ओढणी दारात अडकली. आई थांबली. म्हणाली, "पाच वाक्यं, पाच क्रियापदं. आणि इंग्रज सगळ्यांना एकच चिकटवून मोकळा? गणितात असं केलं तर मी शून्य देते."

"इंग्रजीत चालतं."

"आणि कॅचचं कॅच्ड का नाही?"

"नाही होत. इर्रेग्युलर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मनमर्जी, आई! पाठ कर ना, टाइम खोटी का करून राहिली आहेस?"

"मी आजपर्यंत एकाही पोराला 'असंच असतं, पाठ कर' म्हणून सांगितलं नाही," आई म्हणाली आणि उठून आत गेली. मला वाटलं चिडली. तर दुसऱ्या दिवशी, मी दप्तर टाकतोय तोवर, हात पुसत बाहेर. "मोनू, ऐक. का ते नाही सापडलं, पण काय ते सापडलं. बॉल निसटणार होता. चोर निसटणार होता. बस निसटणार होती. जे निसटून जाणार होतं, ते निसटलं नाही. म्हणजे कॉट."

"ओढणी?"

"ओढणी माझ्यासोबत जाणार होती. दाराने नाही जाऊ दिली."

"आणि सर्दी?"

आई खळखळून हसली. "तिथं उलटं आहे रे! तिथं सर्दीने मला पकडलं आणि इंग्रज म्हणतो मी तिला पकडलं. आव बघ त्याचा! हे सांगून पोरांना हसवीन."

मी आजपर्यंत इंग्रजीच्या चार-पाच मास्तरांकडे शिकलोय, दोन तर फ्रीगंजात मोठी पाटी लावून बसलेले होते. त्या एका शब्दाचा अर्थ इतका स्वच्छ कोणी सांगितला नाही. माझ्या गणितवाल्या आईने सांगितला, ओले हात पुसता पुसता. हे लिहिताना पण मला चीड येतेय. त्या बाईसाठी बरणी आणि चिठ्ठ्या!

अर्थ तिचा, वाक्यं गाइडची. उरलं बोलणं. ते माझ्याकडून. आणि मी, वर सांगितलं तसं, एकाच आवाजात बोलू शकत होतो. पहिल्या दिवशीच मी आईला म्हटलं, "हे बघ, मॅडम बोलते ना, तसंच बोलायचं." आणि सुरू झालो. सो, चिल्ड्रन. ह्म्म. राइट? आई डोळे मिटून ऐकायची, स्तोत्राला बसायची तशीच, मांडी घालून, ओठ हलवत. मग म्हणायची. चढ तिथं चढ, उतार तिथं उतार. तिसऱ्या दिवशी तिने "ह्म्म" नाकातून काढला. चौथ्या दिवशी चष्मा बोटाने ढकलून डोक्यावर नेला. मॅडमचा गॉगल असायचा, आईचा नंबराचा चष्मा, पण बोट तेच, झटका तोच.

मला तेव्हाच कळलं होतं. हे मी लपवत नाही. मला पक्कं कळलं होतं की आई खोकल्यासकट घेतेय. तिला वाटत होतं, मॅडमचं इंग्रजी बरोबर, परीक्षा घेणार त्याच, म्हणजे त्या गुरू, तर त्यांचं सगळं घ्यायचं. टिंगल तिच्या ध्यानीमनी नव्हती. मी मॅडमला गुरू नव्हतो करत, मी तिची नक्कल करत होतो, हा फरक फक्त मला माहीत होता. आणि मी बोललो नाही. का? कारण इतकं भारी जमत होतं तिला की मला थांबवावंसं वाटेना. सहाव्या दिवशी मी बाबांना हाक मारून बोलावलं, "बाबा, बघा ना!" आईने वीस मिनिटं पूर्ण केली. बाबांनी मॅडमला कधी पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "वा! अगदी मेमसाहेब." आई लाजली. इथंच मला कोणीतरी एक ठेवून द्यायला पाहिजे होती.

डेमो शुक्रवारी होता, प्रार्थनेच्या हॉलमध्ये. पत्र्याचं छत, पंखे चारातले दोन चालू. पुढे सातवी ब, बाजूला तीन खुर्च्यांवर मॅडम आणि इंदूरहून आलेले दोघे पाहुणे, आणि मागे आम्ही अकरावी-बारावीची सगळी मेंढरं, टाळ्या वाजवायला. आईने भैरवगढची छपाईची साडी नेसली होती, लाल-काळी, जी ती फक्त निकालाच्या दिवशी काढायची. हातात टेनिस बॉल. येताना तिने मला हॉलच्या दारात विचारलं होतं, "मोनू, राइट वर चढवायचं की लांबवायचं?" मी म्हटलं, "चढव."

आणि सुरुवात अशी झाली की मला रडू यावं. खरंच. तिने बॉल एका पोराकडे फेकला, त्याने झेलला. "ही कॉट द बॉल!" दुसरीकडे, तिसऱ्याकडे. एक जण चुकला, बॉल गडगडत पाहुण्यांच्या पायाशी. "ही डिड नॉट कॅच द बॉल. द बॉल वेंट अवे." पोरांना समजत होतं, तोंडावर दिसत होतं. तिने वाक्यं मागितली. एक दोन वेण्यांची पोरगी उठली, "मैडम, माय चोटी गॉट कॉट इन द दरवाज़ा!" सगळे हसले, आईही हसली आणि म्हणाली, "व्हेरी गुड! डोर!" सर्दीचं सांगितलं, पोरं खदाखदा हसली. पाहुण्यांपैकी एकाने मान डोलवली. मी पाहिली ती मान.

मग आईचं भान सुटलं, म्हणजे तिला आत्मविश्वास आला. आणि आत्मविश्वासाबरोबर पाठातलं बाकीचं सगळं आलं. "सो, चिल्ड्रन." नाकातून "ह्म्म". बोट गेलं, चष्मा डोक्यावर. "कॉट मीन्स, इट वॉज गोइंग अवे, बट इट डिड नॉट गो अवे. राइट?"

हॉलमध्ये सगळ्यात पहिला कोण हसला असेल? मी. तोंडावर हात होता, पण हसलो. माझ्यामागे माझी सायकल स्टँडवाली पोरं. त्यांनी हे शंभर वेळा बघितलेलं, त्यांनी लगेच माल ओळखला. एक जण माझ्या पाठीत गुद्दा मारून म्हणाला, "अबे भिया, तेरी मम्मी तो तेरे से भी आगे निकली!" मग बारावी. मग सातवी ब. पत्र्याचं छत, आवाज घुमतो.

आणि आईला काही दिसत नव्हतं. चष्मा डोक्यावर होता ना! दोन बाकांच्या पलीकडे तिला सगळं धुकं. मॅडमचं तोंड काय झालंय ते तिला दिसलं नाही, तिला फक्त हसणं ऐकू येत होतं, आणि तिला वाटलं पोरं खूश आहेत, पाठ रंगतोय. म्हणून तिने आवाज वाढवला. आणखी नाकातून. आणखी चढवून. पुढच्या बाकावरची दोन पोरं एकमेकांशी बोलली, तर आईचे दोन्ही तळवे हवेत, "वी आर नॉट इन अ मंडी!"

छत उडून जाईल असे हसले लोक. मी नव्हतो हसत आता.

"स्टॉप इट!" मॅडम उभी राहिली. हसणं एका क्षणात बंद. आईने चष्मा खाली घेतला. मॅडम चालत पुढे गेली आणि आम्ही तिच्या तोंडून पहिल्यांदा हिंदी ऐकलं. चांगलं अस्सल हिंदी होतं, आमच्यासारखंच. "आप मेरी नकल उतार रही हैं? बच्चों के सामने?"

आईला प्रश्न नीट कळला नाही. म्हणजे शब्द कळले, टोचणी नाही कळली. 'नकल' म्हणजे तिच्यासाठी कित्ता गिरवणं. तिने पदर सारखा केला, आणि इतक्या अभिमानाने, इतक्या नम्रतेने म्हणाली, "जी मैडम. आपका ही तो सीखा है. पूरा."

परत कोणी हसलं नाही. पास-नापास लिहायची डेमो शीट मॅडमच्या हातात होती, तिने ती चार घड्या घालून मुठीत दाबली आणि निघून गेली. पाहुणे मागोमाग. आई बॉल हातात घेऊन उभी. मला उठून सांगायला पाहिजे होतं, सगळ्यांसमोर, की हे माझं आहे, हिचं नाही. मी बसून राहिलो.

कोणी समजावलं आईला माहीत नाही, स्टाफरूममध्ये कोणीतरी सांगितलं असणार. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. ओरडली नाही. चहा ठेवला, दोन कप ठेवले, माझा नाही ठेवला. मग विचारलं, "तू मला शिकवत होतास की त्यांची टिंगल करत होतास?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"उद्या माझ्याबरोबर ऑफिसात यायचं. आणि तुझ्या तोंडाने सांगायचं."

शनिवारी गेलो. दारावर ती पाटी. मॅडम टेबलामागे, गॉगल डोक्यावर. म्हणाली, "इन इंग्लिश." मी आदल्या दिवसापासून वाक्य तयार केलं होतं. इट इज माय मिस्टेक, मॅम, माय मदर डिड नॉट नो. इतकंच. तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून आलं, "ह्म्म. इट इज माय मिस्टेक, मॅम. राइट?"

शपथ घेऊन सांगतो, मी केलं नाही. मी परत केलं, घसा खाकरून, तर परत तेच नाक, तोच चढ. माझ्याकडे दुसरं इंग्रजी नव्हतंच! मी घाबरलो, घाबरलो तसा हात वर गेला, आणि जिथं चष्मापण नव्हता तिथून मी काहीतरी डोक्यावर ढकललं. मॅडमचा रंग बदलत गेला. एक क्षण मला तिची दया आली असती, पण मी स्वतःची करण्यात गुंतलो होतो.

"आउट. दोनों. और सोमवार को प्रेयर में सबके सामने माफ़ी, लिखकर लाइए. नहीं तो महीना पूरा करने की भी ज़रूरत नहीं."

मी दाराकडे वळलो. आई जागची हलली नाही. मी तिला त्या शाळेत कधी कोणा मोठ्या माणसाशी वर आवाज करताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही तिने केला नाही. फळ्यावर गणित मांडताना बोलायची तशी बोलली. "मैडम, माफ़ी लिख दूँगी. पहले एक बात बताइए. पाठ में गलती थी?"

"बात वो नहीं है."

"बात वही है. चिट्ठी पे लिखा था, मीनिंग और यूसेज. मीनिंग गलत था?"

मॅडमने टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"यूसेज गलत था? बच्चों को समझ में नहीं आया? अभी सातवीं ब में चलिए, किसी को भी खड़ा करके पूछिए."

"मिसेस जोशी, यू हॅव इन्सल्टेड मी."

"आपको बुरा लगा, उसके लिए माफ़ी मेरी," आई म्हणाली. "लड़के का कान मैं देख लूँगी. पर आप उस कागज़ पे लिखिए कि पाठ सही था. आप वो लिखिए, मैं ये लिखती हूँ."

टेबलावर ती डेमो शीट होती, चार घड्यांची. मॅडमने तिच्यावर पेपरवेट ठेवला. एवढंच केलं. आईने पेपरवेटकडे बघितलं, "ठीक है" म्हणाली आणि बाहेर आली. सोमवारी आई प्रार्थनेला गेली नाही. सातवी 'ब'ला अपूर्णांक दुसऱ्या कोणी शिकवले, इंग्रजीतून. त्यातली नऊ पोरं पुढच्या आठवड्यापासून आमच्या जिन्यात चपला काढायला लागली, आणि दोन वेण्यांची ती पोरगी सगळ्यात आधी यायची, हे बरं झालं. पण म्हणून मी ते ऑफिस विसरणार नाही. एक ओळ लिहायची होती त्या बाईला. पाठ बरोबर होता. तीन शब्द. तेही नाही निघाले तिच्या पेनातून.

पण हे प्रकरण त्यासाठी नाही. हे प्रकरण त्या शनिवारी आम्ही घरी पोचलो त्याच्यासाठी आहे. जिना चढलो, आईने कुलूप काढलं, दार लावलं, पर्स खुंटीला टांगली. आणि वळून माझ्या कानाखाली अशी वाजवली की खाली दवाखान्यात खोकणारे थांबले. आयुष्यात एकदाच मारलं तिने मला.

मी गाल धरून म्हटलं, "मॅडमची नक्कल केली म्हणून?"

"नाही."

"तुला सांगितलं नाही म्हणून?"

"नाही. तू हसलास म्हणून." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "सगळ्यात आधी तू हसलास. चष्मा नव्हता डोळ्यावर, कान होते. इतक्या लोकांत मला तुझं हसणं ओळखू येणार नाही? मी ते ऐकलं म्हणून मला वाटलं सगळं बरोबर चाललंय. म्हणून मी आणखी जोरात केलं." मग म्हणाली, "का हसलास रे?"

मी गाल धरून गॅलरीत निघून गेलो. नंतर मी लग्नात माइक धरायला लागलो, आता तेच काम करतो. नवऱ्याच्या काकांचे आवाज काढतो, नेत्यांचे काढतो, लोक खुर्चीवरून पडतात. मॅडमचा आवाज मी परत काढला नाही. आई कधीकधी पहिल्या रांगेत असते, हसते पण. पण गेल्या पंधरा वर्षांत तिने तो प्रश्न तीनदा विचारलाय, एकदा तर माझ्या साखरपुड्यात, ताटात जलेबी वाढता वाढता, आणि दर वेळी मी इकडचं-तिकडचं बोलून निसटलो. उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वाईट हेतू नव्हता, मॅडमचा बदला पण नव्हता. मी हसलो कारण तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं. माझी आई समोर उभी राहून नोकरी घालवत होती, आणि मी आवाजावर खूश होत होतो. हे तिला सांगितलं तर दुसरी बसेल, आणि ती उज्जैनभर ऐकू जाईल. उद्या रविवार आहे. पोहे झाल्यावर हे पान मी तिला वाचून दाखवणार आहे, माझ्या आवाजात.